राग ताजा असताना निकाल नको

युद्धाच्या पहिल्या पंधरवड्यात लोकांच्या हाती माहिती सगळ्यात कमी असते आणि मनात खात्री सगळ्यात जास्त. नेमक्या त्याच दिवसांत एखादा गायक, खेळाडू, प्राध्यापक किंवा खासदार प्रवाहाच्या उलटं काहीतरी बोलतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. कार्यक्रम रद्द होतात, नोकरी जाते, कधी तुरुंगही वाट्याला येतो. पुढे वर्ष-दोन वर्षांनी कागदपत्रं बाहेर येतात, लोकांचं मत पालटतं, पण त्या माणसाचं जे व्हायचं ते तोवर होऊन गेलेलं असतं.

अशा माणसावर टीका करू नये असं माझं म्हणणं नाही. खुशाल करावी, खरमरीत करावी. त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढू नये, त्याचं गाणं लागलं तर बंद करावं, पुढच्या निवडणुकीत त्याला पाडावं. तो ज्याचा त्याचा हक्क आहे. माझा आक्षेप आहे तो ज्यांच्या हाती कुणाची नोकरी, परवाना, प्रवेश किंवा बेड्या आहेत त्यांच्यावर. मालक, मंडळ, विद्यापीठ, पोलीस ठाणं यांनी राग ताजा असताना निकाल देता कामा नये. श्रोत्याचा राग ही एक गोष्ट आणि मालकाने दिलेली शिक्षा ही दुसरी. हल्ली दोन्ही एकच आहेत असं धरून कारभार चालतो.

इराक युद्धातलं उदाहरण घेऊ, कारण त्याचा सगळा हिशेब आता उघड आहे. १० मार्च २००३ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायर थिएटरात ‘डिक्सी चिक्स’ या टेक्सासच्या तीन गायिकांचा कार्यक्रम होता. मुख्य गायिका नॅटली मेन्स मंचावरून म्हणाली की आम्हाला हे युद्ध, हा हिंसाचार नको आहे आणि राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. इराकवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम दहा दिवस उरले होते. १२ मार्चला ‘गार्डियन’च्या परीक्षणात ते वाक्य छापून आलं, तेही अर्धंच. युद्ध नको हा भाग गळाला, लाज तेवढी उरली. अमेरिकेत पोहोचलं ते हे अर्धं वाक्य.

१४ मार्चला तिने राष्ट्राध्यक्षपदाचा अवमान झाल्याबद्दल माफी मागितली. त्या माफीचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्यांचं एक गाणं त्या आठवड्यात देशाच्या मुख्य यादीत १० व्या क्रमांकावर होतं, पुढच्या आठवड्यात ते ४३ वर घसरलं. लुइझियानातल्या एका रेडिओ केंद्राने लोकांना त्यांच्या सीडी घेऊन बोलावलं आणि त्यांच्यावर ट्रॅक्टर फिरवला. हे दृश्य ओंगळ होतं खरं, पण सीडी आणणाऱ्याने स्वतःची सीडी आणली होती. इथवर मी गप्प बसायला तयार आहे.

पुढची पायरी मात्र निराळी होती. क्युम्युलस नावाच्या कंपनीने आपल्या ४२ कंट्री-संगीत केंद्रांवरून महिनाभर या तिघींची गाणी बंद केली. हुकूम वरून आला. कोलोराडो स्प्रिंग्जच्या एका केंद्रावर, ते दुसऱ्या मालकाचं होतं, दोन निवेदकांनी गाणं वाजवलं म्हणून त्यांना निलंबित केलं गेलं. हे एवढं सहज कसं झालं, याचं उत्तर १९९६ च्या दूरसंचार कायद्यात आहे. त्याआधी एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त ४० केंद्रं ठेवता येत. कायद्याने ती मर्यादा उठवली आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे १२०० हून अधिक केंद्रं जमा झाली. गावोगावचे स्वतंत्र मालक असते तर कुणी गाणं बंद केलं असतं, कुणी चालू ठेवलं असतं. मालकी मूठभरांकडे असली की बंदी घालायला एक फोन पुरतो. जुलै २००३ मध्ये सिनेटच्या वाणिज्य समितीने यावर सुनावणी घेतली. अध्यक्षस्थानी जॉन मॅकेन होते, युद्धाचे कट्टर समर्थक. तरीही त्यांनी क्युम्युलसच्या प्रमुखाला धारेवर धरलं, कारण मुद्दा युद्धाचा नव्हता. हवेतल्या लहरी जनतेच्या आहेत आणि त्या वापरण्याचा परवाना मालकाचा राग काढायला दिलेला नसतो, हा होता.

त्या मार्चमध्ये सुमारे ७२ टक्के अमेरिकनांचा युद्धाला पाठिंबा होता. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारच्याच तपास पथकाने अहवाल दिला की इराकमध्ये संहारक अस्त्रांचे साठे नव्हते. २००८ पर्यंत ६० टक्क्यांवर लोक म्हणू लागले की युद्ध ही चूक होती. २००७ मध्ये या तिघींना एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले, पण कंट्री रेडिओचं दार त्यांना पुन्हा पूर्वीसारखं उघडलं नाही.

अमेरिकी खासदार बार्बरा ली यांचं उदाहरण याच्या जोडीला ठेवा. १४ सप्टेंबर २००१, मनोरे पडून तीन दिवस झालेले. लष्करी बळ वापरण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ असा मंजूर झाला. सिनेटमध्ये तर ९८ विरुद्ध ०. विरोधातलं ते एक मत ली यांचं. त्यांचा आक्षेप नेमका होता: ठरावात मुदत नाही, देशाचं नाव नाही. जिवे मारण्याच्या इतक्या धमक्या आल्या की त्यांना चोवीस तास पोलीस संरक्षण द्यावं लागलं. त्याच ठरावाच्या आधारे पुढे येमेन, सोमालिया, सीरियापर्यंत कारवाया झाल्या. पण ली यांची जागा गेली नाही, कारण ती राखायची की काढून घ्यायची हे ऑकलंडच्या मतदारांच्या हाती होतं, आणि मतदानाचा दिवस वर्षभर लांब होता. २००२ मध्ये त्या मोठ्या मताधिक्याने परत आल्या. एका वर्षाची सक्तीची प्रतीक्षा त्यांना वाचवून गेली. नॅटली मेन्सला असं वर्ष मिळालं नाही.

संस्था आतून कशी ढासळते हे बघायचं तर सिडनीला जाऊ. अँटोनेट लटूफ या पत्रकार निवेदिकेला डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने सकाळच्या रेडिओ कार्यक्रमासाठी घेतलं. सोमवार १८ तारखेपासून शुक्रवारपर्यंत, फक्त पाच दिवस. हलकाफुलका, नाताळच्या सुट्टीचा कार्यक्रम. पहिल्याच दिवशी दुपारी तक्रारींच्या ईमेल सुरू झाल्या. त्या कार्यक्रमात ती काय बोलली याबद्दल नव्हत्या. गाझाबद्दल तिची मतं आधीपासून माहीत होती, तिला मुळात घेतलंच का, असा त्यांचा सूर होता. मंगळवारी तिने ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेची एक पोस्ट पुढे पाठवली: गाझात उपासमारीचा युद्धाचं हत्यार म्हणून वापर होतो आहे, असं ती संस्था म्हणते आहे. हीच बातमी एबीसीने स्वतःही दिली होती. बुधवारी कार्यक्रम संपल्यावर तिला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

पगार पाचही दिवसांचा दिला. वरिष्ठांना वाटलं असणार, प्रकरण मिटलं. जून २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला की तिला काढण्यामागे तिचं राजकीय मत हे एक कारण होतं आणि ते बेकायदा होतं. भरपाई ७०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. सप्टेंबरमध्ये वर १,५०,००० चा दंड. वकिलांवर संस्थेचे वीस लाखांहून अधिक डॉलर गेले, आणि हा सगळा जनतेचा पैसा.

या निकालातले बारकावे प्रत्येक संस्थाचालकाने वाचावेत असे आहेत. पहिला बारकावा सूचनेचा. ‘पोस्ट करू नको असं तिला बजावलं होतं’ ही वरिष्ठांची समजूत होती. न्यायालयात निष्पन्न झालं की थेट वरिष्ठ बाईंनी सल्ला दिला होता, आदेश नव्हता. एका मजल्यावरचा सल्ला दोन मजले वर जाईपर्यंत हुकूम झाला आणि त्या हुकमाचा भंग म्हणून तिला काढलं गेलं. मध्ये कुणीही तिला विचारलं नाही की तुला नेमकं काय सांगितलं होतं. दुसरा बारकावा तक्रारींचा. न्यायालयाने त्यांना संघटित मोहीम म्हटलं. एकाच गटातून ठरवून आलेल्या पत्रांनी वरिष्ठांची धांदल उडाली. न्यायमूर्तींनी त्या अवस्थेला घबराट असाच शब्द वापरला आहे. तिसरा बारकावा सगळ्यात साधा: कामगार करारात लिहिलं होतं की आरोप असेल तर तो सांगायचा आणि उत्तर द्यायची संधी द्यायची. ती दिली नाही.

तक्रारींची मोजणी हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक संस्था तिथेच फसतात. पाचशे ईमेल आल्या म्हणजे पाचशे माणसं चिडली असं नसतं. आधी पाठवणारे वेगळे करावेत, एकाने चार पाठवल्या असतील तर त्या एक धराव्यात. मग मजकूर बघावा. तीच चार वाक्यं, त्याच क्रमाने, तीच शुद्धलेखनाची चूक दिसली तर तो नमुना कुणीतरी वाटलेला आहे. तो बाद करायचा नाही, पण त्याची नोंद ‘एक मोहीम’ म्हणून व्हावी. मग तक्रारदाराने मूळ विधान पूर्ण ऐकलं आहे का हे बघावं, निदान तारीख आणि जागा तरी त्याला सांगता यावी. धमकीची पत्रं वेगळ्या फायलीत आणि तडक पोलिसांकडे. हे काम एक कारकून दीड दिवसात करतो. ते होईपर्यंत वरिष्ठांनी फोन उचलू नये, आणि ज्याचा फोन वाजतो आहे त्याने निर्णय घेऊ नये. निर्णय त्या गदारोळाबाहेरच्या माणसाकडे द्यावा.

नियम आधी लिहिलेला असला तर किती फरक पडतो हे आपल्याला क्रिकेटमध्ये दिसतं. आयसीसीचे कपडे-साहित्याचे नियम सांगतात की राजकीय, धार्मिक किंवा वांशिक संदेश अंगावर वागवायचा नाही, आणि इतर संदेशांसाठी आपलं मंडळ व आयसीसी यांची आधी परवानगी घ्यायची. जुलै २०१४ मध्ये इंग्लंडच्या मोईन अलीला गाझासाठीचा मनगटी पट्टा काढायला लावला. जून २०१९ मध्ये विश्वचषकात धोनीच्या हातमोज्यांवरचं बलिदान चिन्ह काढायला लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला ‘सगळे जीव समान आहेत’ लिहिलेले बूट घालू दिले नाहीत आणि पर्थ कसोटीत परवानगीशिवाय काळी फीत बांधली म्हणून ताकीद दिली. त्याआधी मार्च २०१९ मध्ये रांचीला भारतीय संघाने पुलवामाच्या शहिदांसाठी लष्करी टोप्या घातल्या त्या चालल्या, कारण आपल्या मंडळाने आधी विचारलं होतं आणि मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलं जाणार होतं.

आपला मुंबईचा सूर्यकुमार यादव याने १४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत पाकिस्तानला हरवल्यावर विजय सैन्यदलांना अर्पण केला, पहलगामच्या पीडितांसोबत असल्याचं सांगितलं. त्यालाही मानधनाच्या ३० टक्के दंड झाला. अनेकांना तो बोचला, मलाही त्या भावनेबद्दल आदरच आहे. पण या यादीकडे एकत्र बघा. ख्वाजाला अडवलं तेव्हा टाळ्या वाजवणारे सूर्यकुमारच्या वेळी चिडले, आणि त्याच्या उलटही झालं. सुनावणी झाली, शिक्षा मोजूनमापून झाली, कुणाची कारकीर्द संपली नाही. रांचीच्या टोप्यांमध्ये राजकारण नव्हतं आणि ख्वाजाच्या बुटांवर होतं, हे मला मुळीच पटत नाही, नियमात तिथे फट आहे. तरी फट असलेला लेखी नियम हा रातोरात घेतलेल्या निर्णयापेक्षा शंभर पटींनी बरा, कारण त्याच्याशी भांडता येतं.

आता आपल्या कायद्याकडे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. त्यात एक खुबी आहे. शत्रुत्व वाढवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आणि अफवेचं कलम ३५३, दोन्हींची मूळ शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे उपअधीक्षकाच्या परवानगीने आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुइयां यांच्या खंडपीठाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यात ही चौकशी करणं नेहमीच योग्य, आणि शब्दांचं मोजमाप खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने करावं, बारीकसारीक गोष्टीत धोका दिसणाऱ्याच्या नजरेने नव्हे. म्हणजे थांबायची सोय कायद्यात आहे. पण तक्रारीत कलम १५२, सार्वभौमत्वाला धोका, हे जोडलं की शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि चौदा दिवसांचा हा दरवाजा आपोआप बंद होतो. प्राध्यापक अली खान महमूदाबाद यांच्यावर हे कलम लागलं. १८ मेला अटक, २१ मेला सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम जामीन. त्यांच्यामागे देशातले नामवंत वकील उभे राहिले.

पुण्यातल्या एका विद्यार्थिनीमागे असं कुणी नव्हतं. तिने दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली, दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली. ९ मेला अटक झाली, कॉलेजनेही तिचं म्हणणं न ऐकता तिला काढून टाकलं, परीक्षा तोंडावर. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठाने तिला सोडायचा आदेश दिला, कॉलेजच्या निर्णयाला स्थगिती दिली आणि सरकारला कडक शब्दांत फटकारलं. त्याच महिन्यात मध्य प्रदेशचे मंत्री विजय शहा कर्नल सोफिया कुरेशी यांच्याबद्दल जे बोलले त्यावर गुन्हा नोंदवायला तिथल्या उच्च न्यायालयाला स्वतःहून १४ मेला आदेश द्यावा लागला; अटकेला पाच दिवसांत स्थगिती मिळाली. मंत्र्याला मिळालेला वेळ हा त्याचा हक्कच होता. तो त्या मुलीलाही होता.

‘सैनिकांच्या घरच्यांच्या भावना दुखावतात’ असं म्हटलं जातं. त्या दुखावतात, यात शंका नाही, आणि बोलणाऱ्याने त्याचं भान ठेवलंच पाहिजे. पण पहलगाममध्ये नवरा गमावलेल्या एका तरुण पत्नीने मुस्लिमांवर, काश्मिरींवर राग काढू नका म्हटलं तेव्हा याच झुंडीने तिलाही सोडलं नाही. घरच्यांचं नाव घेणारे घरच्यांचं ऐकतातच असं नाही.

‘पत्रकाराने तटस्थ राहावं’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो मान्य करून मी म्हणेन की तटस्थतेचा नियम करारात लिहा, दोन्ही बाजूंच्या मतांना तो लावा, आणि पाच दिवसांच्या हंगामी निवेदिकेला तो कामावर येण्याआधी वाचायला द्या. अमुक लोकांना मारा, हाकला, असं सांगणारं विधान मात्र मी यात धरतच नाही. तो गुन्हा आहे आणि तिथे लगेच पावलं उचलायला हवीत. युद्धाच्या धोरणाबद्दलचं मत आणि माणसांविरुद्धची चिथावणी यांतला फरक पूर्ण वाक्य वाचलं तर दहापैकी नऊ वेळा लगेच कळतो.

याहून अवघड प्रकार म्हणजे न बोलल्याची शिक्षा. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्च २०२२ मध्ये म्युनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने आपले रशियन संचालक वालेरी गेर्गिएव्ह यांना काढलं, कारण शहराच्या महापौरांनी दिलेल्या मुदतीत त्यांनी युद्धाचा निषेध केला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने रशियन गायिका आना नेत्रेब्को यांचे कार्यक्रम रद्द केले. त्यांनी युद्धाविरुद्ध निवेदन दिलं होतं, पण पुतिन यांच्यापासून स्वतःला तोडलं नव्हतं. पुढे लवादाने त्यांना दोन लाखांहून अधिक डॉलर द्यायला लावले. गेर्गिएव्ह यांची सत्तेशी जवळीक जुनी होती आणि त्यांना नवं आमंत्रण न देणं मला पूर्ण पटतं. पण झालेला करार मोडण्यासाठी ‘आमच्या शब्दांत निषेध कर’ ही अट घालणं हे मॉस्कोला शोभतं. तिथे ४ मार्च २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आणि अलेक्सेई गोरिनोव्ह या नगरसेवकाला सात वर्षं ठोठावली. का? सभेत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला तेव्हा युक्रेनमध्ये मुलं मरत आहेत असं तो म्हणाला.

आपल्याला हे नवं नाही. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्ध परिषदेत लोकमान्यांनी मदतीचा प्रश्न स्वराज्याशी जोडताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं आणि ते सभा सोडून निघाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी इंग्रजांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा देणं चूक आहे एवढंच जाहीरपणे सांगितलं आणि चार दिवसांत ते अटकेत गेले. त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली, नेहरूंना त्याच महिन्याअखेरच्या अटकेनंतर चार वर्षांची. दोघांनीही शिक्षा समजून-उमजून अंगावर घेतली होती. रात्री एक पोस्ट पुढे पाठवणाऱ्या मुलीने ती घेतलेली नसते.

म्हणून महाविद्यालयांच्या शिस्तपालन नियमांत एक कलम घालावं अशी माझी मागणी आहे. युद्ध किंवा दहशतवादी हल्ल्याबद्दलच्या मतावरून तक्रार आली तर पहिले चौदा दिवस निलंबन नाही, प्रवेश रद्द नाही, परीक्षेला बंदी नाही. मूळ मजकूर पूर्ण, तारीख-वेळेसह जपून ठेवायचा. कोणत्या नियमाचा भंग झाला ते लेखी द्यायचं आणि उत्तराला निदान सात दिवस द्यायचे. रात्री घरून चित्रफितीत माफी मागायला लावायचं नाही. सुनावणी घेणाऱ्या तिघांपैकी एक जण बाहेरचा असावा आणि प्राचार्य त्यात नसावेत, कारण त्या आठवड्यात फोन त्यांनाच येत असतात.